देवकाबाईचं गोंदण

सिंदेवाहीच्या बसस्टँडसमोर 'नूतन फोटो स्टुडिओ' अशी पाटी होती. श्रावण खोब्रागडे यांनी ती लावली तेव्हा त्यांचा मुलगा राजदीप तिसरीत होता. पुढे राजदीपचं लग्न झालं आणि सून आली तीही नेमकी नूतन नावाची. पाटी बदलावी लागू नये म्हणून श्रावणभाऊंनी नाव पाहूनच सून आणली, अशी थट्टा गावात कित्येक वर्षं चालली. नूतन ती ऐकून हसायची आणि म्हणायची, "बरं झालं, पाटीवर 'झाशीची राणी' नव्हतं."

श्रावणभाऊ दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडयांमधून, म्हणजे जत्रांमधून, तंबू ठोकून फोटो काढायचे. मागे तळ्याचा आणि हंसांचा रंगवलेला पडदा असायचा. काढलेल्या प्रत्येक फोटोची निगेटिव्ह ते पाकिटात घालत आणि पाकिटावर बारीक, सरळ अक्षरात नाव, गाव, तारीख लिहीत. अशा पाकिटांच्या दोन पेट्या दुकानात होत्या.

श्रावणभाऊ गेल्यावर तीन वर्षांनी, म्हणजे २००२ साली, राजदीपने नागपूरहून कॉम्प्युटर आणि स्कॅनर आणला. दुकान ते केवढं! टेबल ठेवायला जागा होईना. पेट्यांत वाकून पाहिलं तर ओल शिरून पुष्कळशा निगेटिव्ह एकमेकींना चिकटल्या होत्या. आता हे कोण मागायला येणार, असं म्हणून त्याने दोन्ही पेट्या भंगारवाल्याला देऊन टाकल्या. नूतन म्हणाली होती, "घरी माळ्यावर ठेवू." त्याने ऐकलं नाही.

चंद्रपूरच्या एका कलर लॅबमध्ये आठ दिवस बसून तो थोडं शिकून आला होता. बाकीचं सगळं त्याने स्वतः करून पाहिलं. एका इफेक्टने चेहरा पाण्यात पडल्यासारखा हलायचा, दुसऱ्याने फोटो रंगाच्या कुंचल्याने काढल्यासारखा दिसायचा. एका फोटोतला माणूस उचलून दुसऱ्या फोटोत बसवता यायचा. तो हे लहान मुलासारखा करत बसे आणि जेवायला बोलावलं तरी उठत नसे. स्टँडवरच्या चहावाल्या झिंगूला त्याने एकदा वाघाच्या पाठीवर हात ठेवून बसवलं. झिंगूने तो फोटो टपरीत लावला आणि मोहर्लीच्या वाघांच्या जंगलाकडून येणाऱ्या प्रत्येक गाईडला, हा वाघ आपल्या ओळखीतला आहे, असं सांगू लागला.

लग्नाळू मुलींच्या आया तर रांगेने येत. रंग थोडा उजळ करा, हा डाग काढा, आणि हो, कपाळावरचं ते गोंदणही काढा, शहरातलं स्थळ आहे, असं त्या हळूच सांगत. राजदीप माऊस फिरवायचा आणि गोंदण नाहीसं व्हायचं. आया तोंडाला पदर लावून हसायच्या, तोही हसायचा. आपण माणसांचं भलं करतो आहोत असं त्याला मनापासून वाटायचं, आणि त्याचा स्वभाव पाहता ते खोटंही नव्हतं.

२००३ च्या भाद्रपदात बाबुलाल ढिवर दुकानात आला. तलावावर जाळं टाकणारा, पन्नाशी उलटलेला, कमी बोलणारा माणूस. त्याची बायको देवकाबाई तापाने गेली होती. खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळून त्याने एक जुनी फ्रेम आणली होती. मंडईतला फोटो होता. मागे हंसांचा पडदा, पुढे तरुण बाबुलाल आणि देवकाबाई, आणि धीट होऊन तिच्या खांद्यावर ठेवलेला बाबुलालचा हात. तिचा तेवढा एकच फोटो होता.

"एवढा मोठा करून दे राजदीप. तिच्या एकटीचा. तेरवी हाय," बाबुलाल म्हणाला.

वडिलांचा पडदा राजदीपने लगेच ओळखला.

ओलसर भिंतीवर राहून फोटो काचेला चिकटला होता. त्याने आधी काचेसकट स्कॅन करून घेतला. तो बरा आला होता, पण काचेच्या ओरखड्यांसह. आणखी स्वच्छ यावा म्हणून त्याने फोटो काचेपासून हलकेच सोडवायला घेतला. कोपरा सुटला, पडद्यावरचे हंस सुटले आणि मग एकदम कागद पांढरा होऊन हातात आला. चेहऱ्याचा वरचा पापुद्रा फाटून त्याचे तुकडे उडाले. काचेवर खांदा, खांद्यावरचा हात आणि साडीचा काठ एवढंच उरलं. तो घाबरला, पण स्कॅन आहे म्हणून त्याने मनाला समजावलं.

मग दोन दिवस तो त्या चेहऱ्यावर काम करत होता. बुरशीचे काळे-हिरवे ठिपके एकेक करून त्याने पुसले. पुसत पुसत तो कपाळावर आला. तिथे पाच ठिपके होते, हनुवटीवर एक. ते बुरशीचे नव्हते. ते गोंदण आहे हे त्याला कळलं होतं, हे त्याने पुढे कधीच नाकारलं नाही. त्याचा हात क्षणभर थांबला. पण बाई तेरवीच्या दिवशी सगळ्यांच्या समोर असणार, छान दिसू दे बिचारी, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने तेही पुसले. मग रंग उजळला, विटक्या लुगड्याला हिरवा रेशमी रंग दिला, मागे बगीचा आणि धबधबा घातला. लोडशेडिंगच्या धास्तीने दर पाच मिनिटांनी सेव्ह करायची त्याला सवय होती, आणि तो त्याच फाईलवर, त्याच नावाने सेव्ह करत गेला.

तेरवीच्या आदल्या सकाळी बाबुलाल आला. सोबत त्याची मुलगी रोशनी होती, सतरा-अठरा वर्षांची. राजदीपने मोठा फोटो समोर धरला. बाबुलालने तो बराच वेळ पाहिला.

"कोन होय ही?"

"देवकाबाई, भाऊ," राजदीप म्हणाला.

"नाई." बाबुलालचा आवाज चढला नाही. "तिचं गोंदण कुठी गेलं?"

राजदीपने सांगायचा प्रयत्न केला की आजकाल सगळे काढून मागतात, फोटो स्वच्छ दिसतो. बाबुलालने ते पुरतं ऐकून घेतलं. मग फोटोवरची नजर न काढता तो म्हणाला, "नेताना तिच्या आंगावरचं सारं उतरवलं. बांगड्या, पोत, नाकातली काडी. बाया म्हनल्या, गोंदण तेवढं बाईसंगं जाते, ते कोनाले काढता येत नाई. तुनं काढलं."

राजदीपने फोटो टेबलावर ठेवला. तो घाईघाईने कॉम्प्युटरकडे वळला, आत्ता परत घालून देतो म्हणाला. पण त्या फाईलमध्ये मागे जायला जागा नव्हती. जुना चेहरा कुठेच नव्हता, ना कागदावर, ना काचेवर, ना मशीनमध्ये. आणि त्याच वेळी त्याला ते पाकीट आठवलं. पेट्या भंगारात देताना ते त्याच्या हातातून गेलं होतं. 'बाबुलाल व सौ., मंडई' असं वडिलांच्या अक्षरात त्यावर लिहिलेलं होतं.

त्याने विचारलं, ठिपके नेमके कुठे होते ते सांगा. कपाळावरच्या पाचांवर बापलेकीचं एकमत झालं. हनुवटीच्या ठिपक्यावर मात्र गाडं अडलं. बाबुलाल म्हणाला, तो मधोमध नव्हता, तिच्या उजवीकडे थोडा सरकलेला होता. रोशनी म्हणाली, नाही, अगदी मधे होता, लहानपणी मांडीवर झोपून मी त्यावर बोट ठेवायची. दोघं एकदोनदा आपलंच खरं म्हणाले, आणि मग दोघांचीही बोटं आपापली हनुवटी चाचपू लागली. आपल्याला खात्री नाही हे दोघांनाही एकाच वेळी समजलं असावं. रोशनी रडायला लागली. राजदीपला वाटलं, फोटो तर आपण बिघडवलाच, पण या दोघांच्या मनातल्या देवकाबाईलाही आपण हात लावला.

त्या दिवशी बाजार होता. बाजारात गिरजाबाई गोंदायला बसायची, गेली चाळीस वर्षं. आता तिला फारसं दिसत नव्हतं. सुया मुलीच्या हातात गेल्या होत्या, ती नुसती शेजारी बसे. राजदीपने तिला देवकाबाईचं नाव सांगितलं तशी ती म्हणाली, "बाबुलालची ना. दहा वर्साची होती माह्या म्होरं बसली तवा. आखरीच्या ठिपक्याले पोरीनं मान हालवली. सरकला तो."

कुठल्या बाजूला, असं त्याने विचारलं. तिला सांगता येईना. मग तिने त्यालाच समोर बसायला सांगितलं. काजळीत बोट बुडवलं, डाव्या हाताने त्याची हनुवटी धरली आणि डोळे मिटून त्याच्या कपाळावर एकामागून एक पाच ठिपके ठेवले. शेवटचा ठिपका ठेवताना तिचं बोट किंचित थबकलं आणि त्याच्या हनुवटीच्या डाव्या बाजूला टेकलं.

"असा असंन," ती म्हणाली. "हातच सांगते आता. डोये काई सांगत नाईत."

राजदीप तसाच उठला. घाम पुसला तर ठिपके जातील म्हणून चेहऱ्याला हात न लावता भर बाजारातून चालत निघाला. लोक वळून पाहू लागले. टपरीतून झिंगू ओरडला, "काऊन राजदीपभाऊ, कोन्या गावचं स्थळ आलं हाय?" टपरीभर हशा पिकला. राजदीप मान खाली न घालता दुकानापर्यंत चालत गेला.

दुकानात नूतनने पट्टीने त्याच्या चेहऱ्यावरची अंतरं मोजून सांगितली आणि त्याने एकेक ठिपका फोटोत बसवला. धबधबा काढला, उजळपणा उतरवला, लुगडं विटकं केलं. जमेल तितकी देवकाबाई परत आणली. पण माऊसने घातलेले ठिपके फारच गोल होते. सुईचे ठिपके तसे नसतात.

तेरवीच्या सकाळी बाबुलालने फोटो पाहिला. हनुवटीपाशी त्याची नजर थांबली. राजदीपने गिरजाबाईचं सांगितलं. "बरं हाय," बाबुलाल म्हणाला. मग म्हणाला, "ते काच दे." हात आणि खांदा उरलेली काच त्याने दुपट्ट्यात गुंडाळली आणि दोन्ही घेऊन तो गेला.

त्यानंतर राजदीपने काम सोडलं नाही. पोट त्यावरच होतं, आणि ते त्याला आवडायचंही. पण प्रत्येक फोटोची पहिली प्रत तो वेगळी ठेवू लागला आणि तिला नाव, गाव, तारीख देऊ लागला. वडिलांच्या अक्षरासारखं सरळ नाव मशीनमध्ये आपोआप उमटायचं, तरी त्याला ते आपलं वाटलं नाही. गोंदण काढून मागणाऱ्या आयांना तो दोनदा विचारायचा. त्या हो म्हणाल्या की काढायचा, पण पूर्वीसारखा हसायचा नाही.

चार वर्षांनी रोशनीचं लग्न ठरलं. फोटो काढायला बाबुलालने राजदीपलाच बोलावलं, याचं त्याला आश्चर्य वाटलं आणि थोडं बरंही वाटलं. मांडवात गर्दी व्हायच्या आत तो आतल्या खोलीत उजेड पाहायला गेला. भिंतीवर देवकाबाईचा मोठा फोटो होता, त्याला ताजा हार होता. त्याच्याच शेजारी जुन्या फ्रेममध्ये ती काच, खांदा आणि हात एवढंच असलेली.

मोठ्या फोटोच्या काचेवर, हनुवटीजवळ, कसलासा काळा डाग दिसला. लग्नघरात फोटो स्वच्छ हवा म्हणून राजदीपने खिशातून रुमाल काढला आणि काचेपर्यंत नेला.

डाग काजळीचा होता. काडीच्या टोकाने ठेवलेला, थोडा वेडावाकडा, त्याने घातलेल्या गोल ठिपक्याच्या पलीकडे, देवकाबाईच्या उजवीकडे. जुना होऊन फिकट झालेल्या डागावर तो पुन्हा ताजा केलेला दिसत होता, कितीदा कोण जाणे.

बाहेरून बाबुलालने हाक मारली, नवरदेवाकडची माणसं आली म्हणून. राजदीपने रुमालाची घडी केली, खिशात ठेवली आणि कॅमेरा उचलून तो बाहेर गेला.