कोद्दूची साखर

काओलाक शहराच्या मिठागरांकडल्या वस्तीत कोद्दू सारला साखरेचा आजार आहे, हे शेजारच्या लेकरांनाही ठाऊक होतं. आजार नव्हताच. नवरा होडीने स्पेनला निघाला तो कायमचा गेला. घरात दोन पोरं, आई आणि धाकटी बहीण. कोद्दूने सरकारदरबारी नाव नोंदवून देहाचा धंदा पत्करला. कायद्याची मुभा होती, फक्त महिन्याला तपासणी आणि कार्डावर शिक्का हवा. शिक्का चुकला की पोलीस उचलून नेत. दर महिन्याच्या दवाखान्याला कारण म्हणून तिने साखर पुढे केली, आणि बिचारी सात वर्षं सगळ्यांसमोर कडू चहा पीत राहिली. आईला कळू नये, एवढंच तिचं मागणं होतं.

त्या महिन्यात आई हटूनच बसली. "मीच विचारते डॉक्टरला. सात वर्षांत गुण कसा येत नाही?"

शिक्क्याचा शेवटचा दिवस. कोद्दूचा नाइलाज झाला; तिने आईला दवाखान्यात बरोबर नेलं.

नर्स मादाम चाम समजूतदार बाई. तिने एका नजरेत सगळं ओळखलं. "याय, लेकीची साखर आटोक्यात आहे हो," ती म्हातारीला आई म्हणून हाक मारत म्हणाली. रांगेतल्या बायकांनीही माना डोलावल्या. म्हातारी इतकी खूश झाली की तिने प्रत्येकीच्या साखरेची चौकशी केली.

मग पुढे सरकून म्हणाली, "बाई, माझ्या धाकटीचंही नाव घाला की. अस्तू. तिलाही हल्ली थकवा येतो."

"एकवीस वर्षं पूर्ण आहेत तिला?" नर्सने विचारलं. "नसतील तर कायद्यात बसत नाही."

"साखरेला कसला आलाय कायदा? आणि पुढच्या महिन्यात होतायत पूर्ण. आत्ताच लिहून ठेवा."

नर्सने वही ओढली. ती नुसतं लिहिल्याचं सोंग करणार, हे कोद्दूला कळत होतं. तरी त्या वहीत अस्तूचं नाव तिला सोसेना.

"तिचं नको," ती म्हणाली. "याय, ही साखरेची वही नाही. धंद्यावरच्या बायकांची आहे."

रांगेतल्या बायका जमिनीकडे बघू लागल्या.

"सात वर्षं?" आईने विचारलं.

"हो."

"अस्तूला ठाऊक आहे?"

"नाही."

"बरं." म्हातारीने डोक्याचा रुमाल सावरला आणि ती बाहेर पडली.

कोद्दू मागे धावणार, तोच तिचा नंबर पुकारला. आई फाटकाशी थांबली होती, लेक येईल म्हणून. खिडकीतून दिसत होतं. पण नंबर गेला असता तर शिक्काही गेला असता. कोद्दू आत गेली. कार्डावर शिक्का घेऊन बाहेर आली, तेव्हा फाटकाशी कुणी नव्हतं.