वाटीभर मीठ

औशात आमच्या शेजारी राहणारी एक वऱ्हाडी बाई दर रविवारी पातेल्यात वाळू तापवून नानकटाई भाजते. कृती तिनेच वहीत लिहिलीय, पण वाचायची तिच्या दुसरीतल्या लेकीने. लेक जे वाचेल तेच परातीत पडतं. मधेच बाई आवाज न चढवता विचारते, "वाचून राहिलीस का अंदाजानं बोलून राहिलीस?"

परवाच्या रविवारी मी तिथेच बसले होते. लेकीला खेळायला जायची घाई होती. "मैदा वाटीभर, साखर वाटीभर," आणि त्याच सुरात, "मीठ वाटीभर."

बाईने वहीत पाहिलं आणि खरंच वाटीभर मीठ पिठात ओतलं. मी तिचा हात धरला. "अहो, चिमूटभर लिहिलंय तिथं."

"हाव मॅडम, मीच लिहिलंय. तिनं वाचलं तेच घातलं."

मी हात सोडला. तिने तूप घालून पीठ मळलं, नानकटाया थापल्या, भाजल्या आणि लेकीला आणि मला एकेक दिली. लेकीने पहिला घास घेतला आणि थुंकला. तिचे डोळे भरून आले. वीस वर्षं मी शाळेत शिकवते, पण लेकराला असं शिकवलेलं कधी पाहिलं नव्हतं. मला बाईचा राग आला.

तेवढ्यात दिसलं, बाईही तीच नानकटाई खात होती. तिने घास थुंकला नाही.

"लई खारट हाय," ती म्हणाली.

लेकीने नाक पुसलं, वही ओढली आणि अक्षराखाली बोट ठेवलं. "चि... मू... ट..."

माझ्या हातातली नानकटाई मात्र मला तोंडात घालवेना.