उगवतीचं न्हाणीघर

प्रिय मुक्ता आणि ईशान,

तुमचे आजोबा सकाळचा चहा न्हाणीघरात बसून पितात. परवा व्हिडिओ कॉलवर त्यांच्या मागे बादली आणि गिझर दिसला, तेव्हा तुम्ही दोघं एकमेकांकडे बघायला लागलात. मग तुमच्या आईने मला वेगळा फोन करून हळू आवाजात विचारलं, "बाबांना बरं आहे ना?" त्यांना उत्तम आहे. दोष माझा आहे, म्हणून एकदा नीट लिहून ठेवते.

रोह्याच्या घराच्या तिसऱ्या मजल्यावरून आजोबांचे गुडघे उतरेनासे झाले, तेव्हा खांब गावाजवळच्या आपल्या शेतात तयार घर आणायचं ठरलं. असं घर पेणच्या एका कारखान्यात बनतं, ट्रेलरवरून येतं आणि क्रेनने जोत्यावर ठेवतात. आजोबांची अट एकच. "दार उगवतीला हवं. उंबऱ्यात बसून वालाचं शेत बघत चहा प्यायचा. बाकी तू आणि तुझी फाइल."

फाइल मी केलीच. घर, वाहतूक, जोतं, क्रेन, प्रत्येक खर्च वेगळ्या रंगात. वाटेची रुंदी टेप धरून स्वतः मोजली (दोनदा). नकाशावर चारही दिशा इंग्रजीत आणि मराठीत लिहिल्या.

घर आलं, दार ड्रायव्हरच्या केबिनकडे. शेताची वाट पूर्वेकडून आत येणारी, जेमतेम ट्रेलरएवढी. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "आजी, गाडी रिव्हर्समध्ये घालतो."

शेजारच्या पार्वतीबाई घराला ओवाळायला तबक घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ते खाली ठेवलं. "अगो वयनी, नवी सून कधी पाठमोरी घरात येते काय? घर पन तसाच. तोंडानंच येयाला पायजे."

मी इंग्रजी शाळेत शिकलेली. असल्या गोष्टींवर माझा मुळीच विश्वास नाही. पण शंका कशाला ठेवा? मी ड्रायव्हरला म्हटलं, "सरळ घाला."

"पन दार कुठं पायजे तुम्हाला?"

"पूर्वेला. नकाशात लिहिलंय."

"मंग रिव्हर्सच..."

"नकाशा वाचा," मी म्हणाले, "आणि सरळ घाला."

त्याने नकाशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि गाडी सरळ घातली. पार्वतीबाईंनी चाकाला कुंकू लावलं. क्रेनने घर उचलून जोत्यावर ठेवलं. दार मावळतीला, थेट पार्वतीबाईंच्या गोठ्यासमोर. आतून म्हैस बघत होती.

"फिरवा," मी म्हटलं.

क्रेनवाल्याने वर बोट दाखवलं. विजेच्या तारा. "बाजूला सरकवीन, बाय. गोल नाय फिरवायचा. ट्रेलरवर जसा आला तसाच बसनार."

"आणि परत बाहेर नेऊन उलटं आणलं तर?"

"आनू ना. क्रेनचा भाडा परत, ट्रेलरचा परत."

क्रेनचं भाडं तासावर होतं आणि माझ्या फाइलीत विचार करण्यासाठी रकाना नव्हता. आजोबांची एकच अट होती आणि तीच मी मोडली होती. ते आत गेले. मी बाहेर नकाशाची घडी घालत राहिले. घातलेली घडी पुन्हा घातली.

"अगं, इकडे ये," आतून हाक आली. आजोबा न्हाणीघरात उभे होते. हवा खेळती राहावी म्हणून तिथली खिडकी मी मुद्दाम मोठी ठेवायला सांगितली होती. ती आता पूर्वेला होती आणि तिच्यात अख्खं वालाचं शेत मावलं होतं. "इथे खुर्ची बसेल," ते म्हणाले.

खुर्ची बसली. मैलाटाकी मात्र मी आधीच पश्चिमेला खणून घेतली होती, त्यामुळे संडासाचा पाइप घराला अर्धी प्रदक्षिणा घालून जातो (खर्च लाल शाईत). पार्वतीबाई अजून सांगतात, "सरळ आला म्हनून कसा सुखात हाय बघा."

घर जिथे ठेवलं तिथेच आहे. पहाटेचं ऊन गिझरवर पडतं, म्हैस दारात डोकावते. माझा नकाशाही आहे. आजोबांनी तो फ्रेम करून भिंतीवर उलटा टांगला आहे, आणि आता तो अगदी बरोबर आहे.

तुमची आजी