माणकोली पुलावरची सकाळ

कोपरचे सीताराम गायकवाड डोंबिवलीच्या एमआयडीसीत तीस वर्षं फिटर होते. मशीन बिघडायच्या आधी आवाज देतं, हा त्यांचा अनुभव, आणि कान पक्का. म्हणूनच गॅरेजवाल्या उत्तमनं दोनदा बजावूनही त्यांनी आपल्या जुन्या छोट्या गाडीच्या इंजिनातला रबरी टायमिंग बेल्ट बदलला नव्हता. गाडी फिरून फिरून फिरणार किती? आठवड्यातून तीनदा पत्नीला, केशरबाईंना, ठाण्याला नौपाड्यात डायलिसिसला न्यायचं आणि परत आणायचं. बस.

त्या बुधवारी सकाळी केशरबाईंना नेताना माणकोली पुलावर गाडी चालता चालता बंद पडली. खडखड नाही, धूर नाही. सीतारामांनी ती कशीबशी कडेला घेऊन चावी फिरवली. इंजिन नुसतंच हलकं भिरभिरलं. बेल्ट तुटला, हे त्यांना कळून चुकलं. पुन्हा चावी फिरवायला हात धजला नाही. केशरबाईंचा नंबर नऊचा होता आणि दोन रिक्षा न थांबता निघून गेल्या होत्या.

मग मासळीचा एक टेम्पो थांबला. मोठागावची सगुणा नवऱ्याबरोबर ठाण्याच्या बाजारात निघाली होती. सीतारामांनी थोडक्यात अडचण सांगितली. सगुणा पुढच्या सीटवरून उतरली, केशरबाईंना तिथं बसवलं आणि स्वतः मागं टोपल्यांच्या मधे जाऊन बसली. सीताराम गाडीपाशी थांबले. तासाभरानं केशरबाईंचा फोन आला : वेळेत पोचले, सगुणानं हात धरून जिना चढवला, खुर्चीत बसेपर्यंत हलली नाही.

संध्याकाळी उत्तमनं इंजिन उघडलं. बेल्ट तुटला, तसे पिस्टन व्हॉल्व्हवर आदळले होते. आठही व्हॉल्व्ह वाकलेले. त्यानं तुटलेला बेल्ट सीतारामांच्या हातात ठेवला.

“आवाज कसा नाही आला रे?” त्यांनी विचारलं.

“रबर बोलत नाही, काका. गाडी कमी फिरली तरी त्याचं वय होतंच.”

काम दहा दिवस चाललं. केशरबाईंना कसं न्यायचं, या चिंतेत सीताराम शुक्रवारी रिक्षा शोधायला खाली उतरले, तर दारात टेम्पो उभा. केशरबाईंनी वाटेत पत्ता आणि वार सांगितले होते आणि सगुणानं ते लक्षात ठेवले होते. गाडी दुरुस्त होईपर्यंत तिनं एकही खेप चुकवली नाही.

नवा बेल्ट बसला. पहिल्याच फेरीला केशरबाईंना सेंटरवर सोडून सीताराम मासळी बाजारात गेले. काय बोलायचं ते मनात जुळवून आले होते. सगुणासमोर उभं राहिल्यावर त्यातलं काही आठवेना.

“तुम्ही होतात म्हणून...” एवढंच ते म्हणाले.

सगुणानं कोयता बाजूला ठेवला, पदराला हात पुसले आणि बसायला रिकामी पाटी उलटी करून दिली.

“बसा काका,” ती म्हणाली, “बायची तब्येत कशी हाय, ते सांगा आधी.”