अब्बांच्या मशीनसाठी एक सिस्टिम कॉल

धुळ्यात आमचं एम्ब्रॉयडरीचं दुकान आहे. मशीन अब्बा चालवतात, गिऱ्हाइकं मी सांभाळते. मोठी बहीण, माझी आपा, जळगावला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. घरी आम्ही उर्दूच बोलतो; इथे ते बोलणं मराठीत लिहितेय.

अब्बा वेलबुट्ट्या काढायचे ते एका जुन्यापुराण्या विंडोज प्रोग्रामवर. मशीनला त्याचीच भाषा कळते. लग्नसराईच्या तोंडावर दुकानातला कॉम्प्युटर बंद पडला. प्रोग्राम आणि डिझाइन्स वाचली, पण नव्या कॉम्प्युटरवर तो प्रोग्राम उघडेचना. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "हा सोळा बिटचा आहे, आता नाही चालायचा. मशीनसकट बदलून टाका."

अब्बा मशीनवर चादर टाकून बाहेर जाऊन बसले. नरडाण्याकडची एक बाई मुलीच्या लग्नाचे ब्लाउज देऊन गेली होती. ती दोनदा येऊन विचारून गेली, "भाऊ, मशीन सुरू व्हयनं का?" अब्बांनी नाही म्हणून सांगितलं. मी आपाला फोन केला.

रविवारी आपा बसने आली. येताना कुठल्याशा ऑफिसने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर घेऊन आली. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स होतं, आणि लिनक्सवर जुने विंडोज प्रोग्राम चालवायची सोय असते. पण आमचा प्रोग्राम तिथेही उघडला की लगेच मिटायचा. तो मिटण्याआधी काय काय मागतो, ते आपाने स्क्रीनवर आणलं. ओळींमागून ओळी धावल्या. एका ओळीवर तिने बोट ठेवलं.

"हे बघा अब्बा. मॉडिफाय एलडीटी."

"म्हणजे?"

"जुने प्रोग्राम मेमरी तुकड्या-तुकड्यांनी वापरतात. कुठला तुकडा कुठून सुरू होतो, केवढा आहे, याचा प्रत्येक प्रोग्रामचा स्वतःचा तक्ता असतो, तो एलडीटी. त्यात नवा तुकडा नोंदवायचा तर लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, विनंती करावी लागते. ती विनंती ही; असल्या विनंतीला सिस्टिम कॉल म्हणतात. आणि कर्नल म्हणतोय, असलं काही आमच्याकडे नाहीच."

"का नाही?"

"आजकाल फारसं कुणाला लागत नाही. सुरक्षित राहावं म्हणून त्या ऑफिसवाल्यांनी बंद करून ठेवलंय."

"मला लागतं," अब्बा म्हणाले.

आपा हसली. तेवढी एक गोष्ट चालू करून तिने कर्नल नव्याने बांधायला घेतला. आमचं जेवण झालं, अम्मीने दोनदा चहा केला, तरी ते चाललंच होतं. मग कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला, आपाने प्रोग्राम उघडला, आणि पडद्यावर अब्बांची आंब्याची कोयरी आली. ती मिटली नाही. अब्बांनी चादर काढली, मशीनला दोरा लावला. सुई चालायला लागल्यावर ते आपाच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ उभे होते.

"आता हा इंटरनेटला जोडायचा नाही," आपाने बजावलं. तो आजतागायत जोडलेला नाही.

त्यानंतर अब्बा येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटले, माझ्या मुलीने मॉडिफाय एलडीटी चालू केलं. ब्लाउज न्यायला आलेल्या त्या बाईलाही सांगितलं. तिला काय कळलं कोण जाणे, पण तिने आपाचं तोंड भरून कौतुक केलं.

पुढे एकदा दोरे आणायला अब्बा आणि मी जळगावला गेलो. आपाने आम्हाला कॉलेजात बोलावून घेतलं आणि वर्गात शेवटच्या बाकावर बसवलं. त्या दिवशी ती हाच कॉल शिकवत होती. फळ्यावर तक्ता, तक्त्यात तुकडे. इतक्या मुलांसमोर तिचा आवाज कसा खणखणीत लागतो, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, पण हे आता वापरतं कोण?"

आपा उत्तर देणार, तोच अब्बा उठून उभे राहिले.

"मी वापरतो," ते म्हणाले.

वर्ग वळून बघायला लागला. मला वाटलं, आपा अवघडेल. तिने खडू खाली ठेवला आणि म्हणाली, "हे माझे वडील. या अब्बा, पुढे येऊन सांगा." अब्बा गेले, आणि तास संपेपर्यंत सुई, दोरा आणि कोयरीबद्दल बोलत राहिले. आपा मुलांमध्ये बसून ऐकत होती.