वसंताच्या सेटवर

लिंबराज गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात खुर्ची टाकून दाढी करत होतो. त्याची मुलगी प्रज्ञा बोलत होती. "काका, बाबा गेले. सकाळी चहा घेतला अन् बसल्या जागीच..." मी काहीतरी पुटपुटलो, फोन ठेवला आणि अर्ध्या गालावर साबण तसाच घेऊन बसून राहिलो. साठ-पासष्ट वर्षांचा दोस्त गेल्यावर माणसाला रडू यावं. मला आधी काय वाटलं ते लिहायला हात उचलत नाही, पण ते गाळलं तर बाकीचं लिहिण्यात काही अर्थ नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. आता ती गोष्ट त्याला कधीच सांगावी लागणार नाही, असं वाटलं. रडू आलं, पण नंतर आलं.

आमचं गाव जळकोटच्या अलीकडं, हमरस्ता सोडून थोडं आत. लिंबराज बौद्धवाड्यातला, मी वेशीच्या आतला, शाळेत मात्र एकाच बाकावर. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही विशीत होतो. सगळं गाव खडी फोडायला जात होतं. त्या उन्हाळ्यात बोअर पाडणारी एक गाडी आली आणि तिच्याबरोबर तांबड्या दाढीचा एक परदेशी गडी आला. लिंबराज त्या गाडीवर पाइप जोडायच्या कामाला लागला. दिवस कलला की तो दाढीवाला लिंबाखाली बसायचा आणि सेलवरचा टेप लावायचा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं मशीन बिघडलंय. तसं मी लिंबराजला म्हणालोही. तो उकिडवा बसून ऐकत होता. माझ्याकडं न बघता म्हणाला, "बिघडलं न्हाय रं. रडायलंय कोणतरी. अन् माणूस न्हाय, वाद्य रडायलंय." गावाला दुसऱ्या बोअरला पाणी लागलं. गाडी पुढच्या गावाला निघाली तेव्हा दाढीवाल्यानं तो टेप आणि पाच कॅसेटी लिंबराजच्या हातात ठेवल्या. का, ते त्यालाच माहीत. एवढं मन लावून ऐकणारा माणूस त्याला दुसरा भेटला नसावा.

त्या कॅसेटींवर साठच्या दशकातल्या तिकडच्या बँडांची गाणी होती, हे आम्हाला फार पुढं कळलं. शब्द एक कळायचा नाही आणि लिंबराजला शब्दांशी देणंघेणंही नव्हतं. तो गिटार ऐकायचा. वाजवणाऱ्यांची नावं माहीत नव्हती म्हणून त्यानं आपली नावं ठेवली होती. एक 'डावऱ्या', कारण डबीच्या झाकणावर चिकटवलेल्या कागदी फोटोत त्यानं गिटार उलटी धरली होती. एक 'विहिरीतला', कारण त्याचा आवाज आडात घागर आपटावी तसा घुमायचा. एक 'सोशीक', तो एक सूर वाजवून बराच वेळ गप्प बसायचा. पुढं खरी नावं कळली तरी लिंबराजनं आपली सोडली नाहीत. "डावऱ्या सूर लावत न्हाय, सूर वाकिवतो," तो मला बोटानं हवेत दाखवत सांगायचा. "भांड्याला पोचा पडल्यावर आतून ठोकून काढत्यात का न्हाय, तसा." मी हो म्हणायचो. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण त्याच्या तोंडाकडं बघत बसायला आवडायचं.

सेल मिळायचे ते जळकोटला, तेही बरेचदा वाळलेले. मग जुनेच सेल पत्र्यावर उन्हात टाकायचे, गरम झाले की पुन्हा घालायचे. त्यांवर टेप चालायचा, पण दमलेल्या बैलासारखा. लिंबराजनं सगळ्या चाली अशा टेपवर ऐकून पाठ केल्या, त्यामुळं त्याच्या हातात त्या कायमच्या संथ बसल्या. अलीकडं प्रज्ञानं मोबाइलवर तीच गाणी लावून दिली तर हा हैराण. "आगं, येवढी घाई कशाची? कुणाची येष्टी चुकायलीय का?" आम्ही पोट धरून हसलो होतो.

पुढं गावोगाव विहिरींवर विजेच्या मोटारी बसल्या, आणि जळायलाही लागल्या. लिंबराज सोलापूरला राहून मोटारीत तांब्याची तार भरायचं काम शिकून आला आणि जळकोटला रस्त्याकडेला दुकान टाकलं. दुकानात बुद्धाची तसबीर आणि तिच्याशेजारी डावऱ्याचा तो फोटो. हैदराबादकडनं येणारे ट्रकवाले त्याच्यासाठी एखादी कॅसेट, एखादं जुनं रंगीत मासिक आणून टाकायचे. याच दिवसांत वडिलांनी मला लाउडस्पीकरचा सेट घेऊन दिला. लग्न, जत्रा, सभा, पंचक्रोशीत जिथं कर्णा वाजला तिथं मी. माझा एक कर्णा जळला. त्यातलं चुंबक लिंबराजनं मागून घेतलं, त्यावर मोटारीची उरलेली तार गुंडाळली आणि सांगितलं, "वसंता, म्या गिटार करायलोय." दाराच्या जुन्या सागवानी फळीची गिटार, तिला सूर दाबायला सायकलच्या स्पोकचे पडदे आणि क्लचवायर उसवून काढलेल्या तारा. दोन वर्षं तो ती करत होता. नुसती वाजवली तर शेजारच्यालाही ऐकू जायची नाही. तिला आवाज मोठा करणारं मशीन, अ‍ॅम्प्लिफायर लागायचं, आणि ते गावात एकट्या माझ्याकडं होतं. माझ्या गोदामात दोन-चार वेळा आम्ही ती जोडून पाहिली. पहिल्यांदा कर्ण्यातनं सूर निघाला तेव्हा लिंबराजचे डोळे भरून आले होते आणि मी त्याला, "आता तारंवर टिपं गाळू नको, शॉक बसंल," म्हणून चिडवलं होतं.

गावात दूध संस्था निघाली. दुष्काळानं धडा दिला होता, गाई-म्हशींवर घरं उभी राहतील असं सगळ्यांना वाटत होतं. संस्थेच्या इमारतीचं उद्घाटन ठरलं, सेट अर्थात माझा. लिंबराजनं त्याआधी माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं. "पाहुणे येईस्तोवर तू रेकॉर्डीच लावणार न्हवं? त्या टायमाला म्या वाजवू का?" मी म्हणालो, "वाजव की! पाहुणे कधी टायमावर आलेत?" मी शब्द दिला होता, हे इथं नीट लिहून ठेवतो.

सकाळी अकराचा सुमार. मांडव, सतरंज्या, एका अंगाला बायका, एका अंगाला बाप्ये. लिंबराज इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून संस्थेच्या ओट्याच्या कडेला बसला, मांडीवर गिटार. मी मशीन चालू केलं. त्यानं वाजवायला सुरुवात केली... सोशीकची एक चाल, त्याच्या हातातली, संथ. लोकांच्या माना वळल्या. मला त्या माना तेवढ्या दिसल्या. वाटलं, आता हसतील. याला हसतील आणि याच्या नादी लागलेल्या मला हसतील. चेअरमननी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, नाराज आहेत. बौद्धवाड्यातला माणूस संस्थेच्या ओट्यावर बसून हे कसलं वाजवतोय, असं कुणीतरी म्हणेल असं वाटलं. सगळं मला वाटलं. कुणी चकार शब्द काढला नव्हता. मी खाली वाकलो, मशीनची पिन ओढली आणि ओरडलो, "लाईट गेली, लाईट!" मग वायरींशी खटपट केल्याचं सोंग करत मान खाली घालून बसलो. जरा वेळानं पाहुण्यांची जीप दिसली तशी पिन खोचली, "आली!" म्हणालो आणि नेहमीची रेकॉर्ड लावली. लिंबराज गिटार पोत्यात गुंडाळत होता. मी जवळ गेलो तर म्हणाला, "बरं झालं. तारा बी उतरल्या हुत्या."

त्यानंतर त्यानं माझ्याकडं सेट मागितला नाही. मैत्री मात्र होती तशी राहिली, आणि मी मनाची समजूत घातली होती. लोक हसायला लागले होते, मी त्याची अब्रू वाचवली, असं मी स्वतःला इतक्यांदा सांगितलं की मला ते हसणं ऐकू यायला लागलं होतं. सेट बिघडला की लिंबराजच नीट करायचा. मशीनवरचं आवाजाचं बटण तुटलं तेव्हा त्यानं पितळेचं बटण घासून बसवून दिलं. मी त्याच्या घरी जायचो, सुमनवहिनी चहा टाकायच्या, तो ओसरीवर बसून त्या मुक्या गिटारीवर बोटं फिरवायचा. कान जवळ नेला तरच काही ऐकू यायचं. चाळीस वर्षं तो असाच वाजवत राहिला, आणि मी समोर बसून बशीतला चहा पीत राहिलो.

लिंबराजच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाआधी दोन दिवस प्रज्ञा माझ्याकडं आली. हातात एक जुनी कॅसेट. "काका, बाबांचं वाजवणं ह्याच्यात हाय. आईनं काढून दिली. परवा तुमच्या सेटवर लावायची." कॅसेटीच्या पट्टीवर लिंबराजच्या अक्षरात लिहिलं होतं, 'वसंताच्या सेटवर. दूध संस्था.' त्या दिवशी टेप चालू होता हे मला माहीतच नव्हतं. सुमनवहिनी नव्या नवरी होत्या. लिंबराजनं तो दाढीवाल्याचा टेप त्यांच्याकडं दिला असणार आणि त्या तो पदराखाली धरून बायकांत, लिंबराजच्या ओट्याला अगदी खेटून बसल्या असणार.

ती गेल्यावर मी कॅसेट लावली. आधी खरखर, मग गिटार. मांडवभर घुमणारी. मी हसण्याची वाट बघत होतो. कान टवकारून, पुन्हा मागं घेऊन, तीनदा ऐकलं. एक माणूस हसलेला नाही. एक पोर रडतंय, कुणीतरी त्याला चूप करतंय, बाकी मांडव शांत. मग आवाज कापल्यासारखा बंद होतो आणि माझी आरोळी येते. त्यानंतर टेपजवळ बसलेल्या कुण्या म्हातारीचा आवाज. "का गं थांबलं? बरं वाटायलं हुतं की." वहिनी म्हणतात, "लाईट गेली म्हनं, मावशी." आणि म्हातारी म्हणते, "आगं, गिरन तर चालू हाय."

पिठाची गिरणी संस्थेला लागूनच होती. विजेवर चालायची. टेपवर तिची घरघर आणि पट्ट्याचा फटका स्वच्छ ऐकू येतो. तिची मोटार लिंबराजनं स्वतः भरली होती. त्या मोटारीचा आवाज तो झोपेतही ओळखला असता. म्हणजे मी ओरडलो त्याच क्षणी त्याला कळलं होतं. वहिनींनाही कळलं होतं. गिरणीच्या घरघरीखाली, अगदी बारीक, तारांचा आवाज येत राहतो. मी मान खाली घालून बसलो होतो तेव्हा तो थांबला नव्हता. मशीन नसताना, कुणाला ऐकू जात नसताना, त्यानं ती चाल शेवटपर्यंत नेली.

इथवर वाचून कुणी म्हणेल, वय कोवळं होतं, होते चुका. तर पुढचंही ऐका, हे वयाच्या पंच्याहत्तरीच्या घरातलं आहे. पुण्यानुमोदनाच्या दिवशी सेट मीच लावला. वंदना झाली, चार माणसं बोलली, आणि प्रज्ञानं माझ्याकडं पाहून मान हलवली. गावातली माणसं समोर, त्यांतले कितीतरी त्या मांडवात होते. मी माइक हातात घेतला आणि म्हणालो, "टेप गुंतलीय. जुनी हाय ना... वाजत न्हाय." सुमनवहिनी पुढंच बसल्या होत्या. त्यांना सगळं माहीत आहे, हे आता मला माहीत होतं, तरी त्यांच्या तोंडावर मी हे बोललो. त्या माझ्याकडं बघत राहिल्या. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "असू द्या, भाऊजी." जाताना त्यांनी नेहमीसारखा चहा दिला आणि मी तो प्यालो.

तेव्हापासून ते मशीन माझ्या पुढच्या खोलीत आहे. धंदा मुलानं कधीच बंद केला, नव्या जमान्यात त्या कर्ण्यांना कोण विचारतं? मी रोज त्यावरची धूळ पुसतो. पितळेचं बटण तेवढं चकचकीत आहे. मी आयुष्यभर ते फिरवत आलो, सभांसाठी, नवरदेवांसाठी, हरवलेल्या पोरांसाठी. तो कॅसेटीवर लिहिताना 'वसंतानं बंद केलं' असं लिहू शकला असता. त्यानं लिहिलं, वसंताच्या सेटवर. जेवढं मिळालं तेवढ्याचीच त्यानं नोंद ठेवली. हे मला सहन होत नाही.

प्रज्ञा, पेपरची ही पुरवणी तुमच्या घरी येते, म्हणून इथं लिहितोय. समोर येऊन सांगायची हिंमत मला याही खेपेला झाली नाही. टेप गुंतलेली नाही. ती उत्तम वाजते, म्हातारीसकट, गिरणीसकट. तू म्हणशील त्या दिवशी मी सेट घेऊन येतो. वायरी मी जोडीन, कर्णा मी बांधीन आणि मागं जाऊन लोकांत बसेन. बटणावर हात मात्र तुझ्या आईचा असू दे.