दोरीची दोन टोकं

आई गेल्यावर हिमायतनगरच्या आमच्या बागेची वाटणी झाली. मधोमध खांब रोवून साखळी लावायला एक म्हातारा मिस्त्री आला. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. मागून भांडण नको म्हणून, दोन्हीकडच्या एकेका माणसाने दोरी धरल्याशिवाय तो पहारीला हात लावत नसे. एक टोक मी धरलं, दुसरं धाकट्या भावाने. आम्ही वर्षभर बोललो नव्हतो. मिस्त्री एक डोळा मिटून दोरी निरखायचा, बोटाने टिचकी मारायचा.

साखळी अडकवून झाल्यावर हात पुसत तो म्हणाला, "दिवार उठा लेना था साब. इसमें रोज एक-दूसरे की सूरत देखना पडता."

चार महिन्यांत आम्ही भिंत घातली. इतक्या वर्षांत आम्हा भावांचं एकमत झालं ते तेवढंच.